रिकाम्या टाकीतला अल्बम

मामांच्या वरच्या ओळीतले पुढचे चार दात शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता काढायचे ठरले, आणि त्यामुळे ‘तुरटी’ या बँडचा पहिला अल्बम शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पुरा करणं भाग पडलं. दातांचा आणि अल्बमचा संबंध काय, हे सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर त्या वाद्याचं टोक वरच्या दातांखाली धरून फुंकतात, आणि ते दातच हलायला लागले की सूरही हलतो. “कवळी बसवल्यावर पुन्हा वाजवता येईल का?” असं मामांनी विचारलं, तेव्हा दंतवैद्य बाई म्हणाल्या, “प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे?” मामा घरी आले आणि चार तास सॅक्सोफोन पुसत बसले.

मामांची भाची जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणत, राहत्या इमारतीत मॅडम म्हणत, आणि लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवराही चारचौघांत मॅडमच म्हणू लागला होता. आपणही तेच म्हणू. मॅडम मोजल्याशिवाय सहसा बोलत नसत. “पाणी चांगलं आहे का हो?” असं कुणी सहज विचारलं तर त्या “कधीचं?” असं विचारत.

तर मॅडम कीबोर्डवर, मामा सॅक्सोफोनवर, धाकटे दीर गिटारवर आणि ड्रम्सवर केंद्रातले पंपवाले, असा हा चौघांचा बँड. दीर जमीनमोजणी खात्यात होते, त्यामुळे त्यांचा गिटार सोलो कुठून कुठवर जाणार हे ते आधी कागदावर आखून आणत. पंपवाल्यांचा ताल पक्का होता. अठ्ठावीस वर्षं पंपांच्या आवाजात काढलेला माणूस, झोपेतसुद्धा चुकला नसता. ‘तुरटी’ हे नाव त्यांचंच. मामांचा विरोध होता. “नाव ऐकूनच तोंड आक्रसतं,” असं ते म्हणाले, पण दुसरं नाव कुणालाच सुचलं नाही.

जॅझ रॉक हा प्रकार इमारतीत समजावून सांगण्यात मॅडमची दोन वर्षं गेली होती आणि फारसा फरक पडला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुख्य आक्षेप असा की त्यात गाणारं कुणी नाही.

“अगं पण शब्दच नाहीत, तर ऐकणाऱ्याने गुणगुणायचं काय?”

“सूर गुणगुणायचे, काकू.”

“ते नऊ मिनिटं? मध्येच पाच मिनिटं सगळे भांडल्यासारखे वाजवता. तिथे काय गुणगुणू?”

ही शंका रास्त होती, हे मॅडमना मनातल्या मनात मान्य करावं लागलं.

दंतवैद्य बाईंनी तारीख दिली तो सोमवार होता. मॅडमनी त्याच दुपारी स्टुडिओला फोन लावला. स्टुडिओवाल्याने पहिला प्रश्न विचारला, “गायक कोण?” गायक नाही हे ऐकून त्याने दुसरा विचारला, “मग कधी ठरतोय?” आणि शेवटी पंधरा दिवसांनंतरची तारीख देऊ केली. पंधरा दिवसांनी मामांच्या तोंडात मऊ भात चावण्यापुरतीही सोय उरणार नव्हती. घरी ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तर मामांच्या वरच्या सुरांना चौथ्या मजल्यावरचा कुत्रा साथ देऊ लागला. कुत्रा सुरात होता, पण त्याला थांबायचं कुठे ते कळेना.

मंगळवारी पंपवाले प्रयोगशाळेत नमुने द्यायला आले आणि दारातच घुटमळले.

“मॅडम, उद्या दोन नंबरची टाकी रिकामी होतेय.”

“माहीत आहे. वार्षिक सफाई.”

“उद्या सफाई, गुरुवारी दिवसभर कोरडी, चारला पाणी. म्हणजे गुरुवारी आख्खी टाकी मोकळी.” ते जवळ आले. “कुत्रा नाही, काकू नाही. जमिनीखाली चार मीटर.”

मॅडमनी हातातली परीक्षानळी काळजीपूर्वक स्टँडवर ठेवली. नळीत आम्ल होतं, आणि त्यांचं लक्ष आता नळीत नव्हतं.

दोन नंबरची टाकी म्हणजे जमिनीत पुरलेली काँक्रीटची प्रचंड खोली. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, आत खांबच खांब, आणि वर माणूस उतरेल एवढं एक झाकण. बुधवारी सफाई उरकताच मॅडम कागदी पिशवी आणि स्टॉपवॉच घेऊन खाली उतरल्या. पिशवी फुगवून फोडली. तो आवाज पूर्ण विरायला अकरा सेकंद लागले. अकरा सेकंद म्हणजे पंपवाल्यांनी एक ठोका मारला तर पुढचे वीस ठोके त्याच्यावर येऊन आदळणार, आणि ऐकणाऱ्याला वाटणार की भांड्यांचं कपाट जिन्यावरून घरंगळतंय. आवाज शोषून घ्यायला काहीतरी जाड, मऊ आणि पुष्कळ हवं होतं. मॅडमनी तिथेच, खांबाला वही टेकवून गणित मांडलं. उत्तर आलं, बेचाळीस पूर्णांक सहा दशांश रजया.

“त्रेचाळीस,” त्या वर येऊन म्हणाल्या.

“काय त्रेचाळीस?” झाकणापाशी थांबलेल्या नवऱ्याने विचारलं.

“पांघरुणं. आज रात्रीपर्यंत.”

वीस वर्षांच्या संसारात नवरा एवढं शिकला होता की आकडा आला की चर्चा संपली. तो पिशव्या आणायला गेला.

त्याआधी परवानगी. केंद्रात टाकीसंबंधी कोणतंही काम चार प्रपत्रांच्या संचाने होतं. ‘अ’ म्हणजे टाकी रिकामी केली, ‘ब’ म्हणजे आत जाण्याची परवानगी, ‘क’ म्हणजे सफाई झाली, आणि ‘ड’ म्हणजे टाकी पाणी भरण्यास योग्य आहे. या ‘ड’वर प्रयोगशाळेची, म्हणजे मॅडमची सही लागे. केंद्रप्रमुख साहेबांनी ‘ब’वर सही करायला फारसे आढेवेढे घेतले नाहीत. “कारण काय लिहिताय? प्रतिध्वनी चाचणी? छान. माझा मेहुणा बरा गातो, लागला तर सांगा,” एवढंच म्हणाले. अडलं ते आवक-जावक लिपिकाच्या टेबलावर.

“संच पुरा नाही,” लिपिक म्हणाला. “‘ड’ कुठाय?”

“‘ड’ टाकी भरायच्या आधी देतात. उद्या दुपारी देईन.”

“मग ‘ब’सुद्धा उद्या दुपारी नोंदवतो.”

“अहो, मला उद्या सकाळी आत जायचंय!”

“मॅडम, तीन कागदांचा संच नोंदवायची पद्धत नाही. मी बावीस वर्षांत नोंदवलेला नाही. तुम्ही ‘ड’वर उद्याची वेळ टाकून सही करा, मी संच पुढे पाठवतो, तुम्ही खुशाल चाचणी करा.”

न घडलेल्या गोष्टीचा दाखला देणं म्हणजे काय, हे मॅडमना कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवत की निरीक्षण आधी आणि नोंद नंतर. पण डोळ्यांसमोर मामांचे चार दात होते. मनाशी त्यांनी वेळापत्रक मांडलं. दोनपर्यंत ध्वनिमुद्रण, मग दोन तास पंपवाले आणि आपण मिळून क्लोरीनच्या पाण्याने सगळी टाकी धुऊन काढायची, चारला पाणी. त्यांनी ‘ड’वर लिहिलं, ‘गुरुवार, दुपारी ४.००. टाकी पाणी भरण्यास योग्य.’ आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा थोडी लहान आली.

संध्याकाळी इमारतीत पांघरुणांची मोहीम निघाली. लोकांनी रजया दिल्या, पण कोरड्या हाताने दिल्या नाहीत, प्रत्येक रजईबरोबर एक सल्ला आला. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दोन ब्लँकेटं दिली आणि प्रत्येक रचनेआधी दोन शब्दांत तात्पर्य सांगावं असं सुचवलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी गादी दिली आणि अल्बमच्या कव्हरवर इमारतीचा फोटो घालावा म्हणून सुचवलं. काकूंनी फुलाफुलांची भारी रजई दिली आणि बजावलं, “ही माझ्या लग्नातली. उद्या संध्याकाळी माझी नणंद येतेय, तिच्या अंगावर हीच घालायची आहे. पाचच्या आत परत.” मॅडमनी प्रत्येक पांघरुणाला चिठ्ठी टाचली. काकूंच्या रजईचा क्रमांक सतरा.

गुरुवारी सकाळी सात वाजता चौघंही रबरी बूट क्लोरीनच्या पाण्यात बुडवून टाकीत उतरले. पांघरुणं आदल्या दिवशी बांधलेल्या दोऱ्यांवर टांगली, जमिनीपासून नेमकी दहा सेंटीमीटर वर. दिरांनी टेप लावून खात्री केली. टाकीत वीज न्यायची नाही हा मॅडमचा कडक नियम होता, म्हणून कीबोर्ड बॅटरीवर, गिटारचा स्पीकर बॅटरीवर, रेकॉर्डर बॅटरीवर. घड्याळं आणि फोन वर ठेवले, कारण पंपवाल्यांच्या घड्याळाचा पट्टा खुळखुळत होता. वेळ सांगायचं काम नवऱ्याकडे. तो झाकणापाशी स्टूल टाकून बसायचा आणि दर तासाला एक पुठ्ठा दोरीने खाली सोडायचा, त्यावर वाजलेली वेळ.

आणि मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

पहिल्याच रचनेच्या पहिल्या आठ मात्रांत चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षं ते दिवाणखान्यात सोफा सरकवून वाजवत आले होते, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून अर्ध्या ताकदीने, ड्रमवर टॉवेल टाकून. स्वतःचा पूर्ण आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. पंपवाल्यांनी पहिल्यांदा हात मोकळा सोडला आणि मॅडमच्या बुटांच्या तळव्यांत ठोका जाणवला. दिरांचा सोलो आखलेल्या हद्दीच्या बाहेर गेला आणि परत यायला तयारच होईना. मामा तर डोळे मिटून असे काही वाजवत होते की रजई क्रमांक नऊ हलत होती. म्हणजे असं मॅडमना वाटलं. बहुधा वारा असावा, पण टाकीत वारा नव्हता.

“परत,” मामा म्हणाले.

“का? छान झालं की!”

“छान झालं म्हणूनच. यापेक्षा छान होईल.”

इथेच वेळापत्रक ढासळलं. प्रत्येक रचना तीनदा, चारदा. दोनचा पुठ्ठा खाली आला तेव्हा सहापैकी चौथी चालू होती. मॅडमनी हिशेब केला: धुलाई एका तासात बसेल. तीनचा पुठ्ठा आला तेव्हा पाचवी चालू होती. धुलाई अर्ध्या तासात बसवता येईल का, याचं उत्तर नाही असं होतं, आणि मॅडमना ते ठाऊक होतं. पावणेचारला त्यांनी शिडी चढून नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली.

“व्हॉल्व्हघरात जा. बदली पंपवाल्याला सांगा, पाणी सहाच्या आधी सोडायचं नाही.”

“ऐकेल ना तो?”

खालून पंपवाल्यांचा आवाज आला. “माझ्या हाताखाली तयार झालाय! सांगितलेलं तंतोतंत करतो!”

नवरा निघाला. व्हॉल्व्हघर मुख्य फाटकाच्या पलीकडे होतं, आणि मुख्य फाटकाशी काकू उभ्या होत्या. नणंद लवकर आली होती.

“माझी रजई?”

“काकू, ती जमिनीखाली आहे. म्हणजे टाकीत. म्हणजे टांगलेली आहे.”

“माझ्या लग्नातली रजई तुम्ही पाण्याच्या टाकीत टांगलीत?”

“टाकी रिकामी आहे हो!”

हे वाक्य चार वाजायला चार मिनिटं असताना उच्चारलं गेलं आणि त्या क्षणी ते खरं होतं. नवरा व्हॉल्व्हघरात पोचला तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. बदली पंपवाल्याने चिठ्ठी वाचली आणि आदराने परत केली. “प्रपत्रावर मॅडमची सही आहे, चारची. मी बरोब्बर चारला चाक फिरवलंय. आता बंद करायचं तर दुसरं प्रपत्र लागेल.”

टाकीत सहाव्या रचनेला नुकती सुरुवात झाली होती. तिचं नाव होतं ‘पुरवठा’, आणि मामांचा सगळ्यात मोठा सोलो तिच्यातच होता. पहिल्यांदा मॅडमना ऐकू आला तो एक सूर. खोल, लांबलचक, सुरेल म्हणावा असा. हे कोण वाजवतंय, म्हणून त्यांनी दिरांकडे पाहिलं आणि दिरांनी त्यांच्याकडे. मग पलीकडच्या भिंतीतल्या नळातून पाणी आलं.

इथे घाबरणं सगळ्यात सोपं होतं. मॅडमनी डावा हात तसाच चालू ठेवला आणि मनात भागाकार केला. मिनिटाला दहा घनमीटर, सहाशे चौरस मीटर तळ, म्हणजे मिनिटाला पावणेदोन सेंटीमीटरहून थोडं कमी. रचना नऊ मिनिटांची. शेवटच्या सुराला पाणी पंधरा सेंटीमीटर. बूट पंचवीसचे.

“चालू ठेवा!” त्या ओरडल्या. आयुष्यात त्या एवढ्या मोठ्याने कधीच ओरडल्या नव्हत्या, आणि ते आवडलं त्यांना.

गणित बरोबर होतं. त्यात फक्त मोठा ड्रम धरलेला नव्हता. मोठा ड्रम दोन्ही बाजूंनी बंद असतो आणि आत हवा असते. सहाव्या मिनिटाला तो तरंगायला लागला. पंपवाल्यांनी पाय मारला तर ड्रम हातभर पुढे गेला. त्यांनी वाजवता वाजवता स्टूल पुढे सरकवलं. त्यांनी परत मारला, तो परत गेला. अठ्ठावीस वर्षांत न चुकलेला ताल चुकला तो इथे, कारण ताल एका खांबाआड निघून गेला होता. दीर गिटार डोक्यावर धरून त्याच्यामागे धावले. एकट्या मामांचे डोळे मिटलेले होते, ते वाजवत राहिले. त्यांच्या भोवती पांघरुणांच्या कडा पाणी पीत होत्या आणि सतरा क्रमांकाची फुलं खालून वर गडद होत चालली होती.

मॅडमनी वाजवणं थांबवलं. “मामा, पुरे. वर चला.”

मामांनी डोळे उघडले, पाणी पाहिलं आणि वाद्य छातीशी धरलं. “पाच झाल्या,” ते म्हणाले. “पाचांचाही होतो अल्बम, पोरी.” आवाज असा की मॅडमना त्यांच्याकडे बघवेना.

चौघं एकेक वाद्य शिडीवरून चढवून भिजलेल्या अवस्थेत वर आले तोवर नवऱ्याने साहेबांना गाठून व्हॉल्व्ह बंद करवून घेतला होता. साहेब, काकू आणि लिपिक झाकणाभोवती उभे होते. साहेबांनी आत डोकावून पाहिलं.

“फार नाही आलेलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “सामान काढून घ्या. क्लोरीन जरा जास्त टाका आणि भरून टाकू. तुमची सही आहेच.”

सही होतीच. कुणाला कळलं नसतं. दहा वर्षांत मॅडमच्या हाताखालून एकही टाकी नापास झाली नव्हती, आणि साहेब प्रत्येक बैठकीत ते अभिमानाने सांगत. मॅडमनी खाली पाहिलं. अध्यक्षांची गादी पाण्यावर आडवी पडून शांतपणे तरंगत होती. हे पाणी उद्या सकाळी अध्यक्षच पिणार होते.

“‘ड’ रद्द करायचाय,” त्या म्हणाल्या. “टाकी भरण्यास अयोग्य. पूर्ण उपसा, पुन्हा सफाई.”

“मॅडम! म्हणजे उद्या अर्ध्या वस्तीला पाणी नाही!”

“हो. आणि कारण मी आहे, तसंच लिहा.”

लिपिकाने खिशातून पेन काढलं. “कारण काय लिहू?”

“टाकीत वादक चार, पांघरुणं त्रेचाळीस.”

“तसा रकाना नाही.”

“मग ‘इतर’मध्ये लिहा.”

साहेबांनी तिथल्या तिथे कारणे दाखवा नोटीस द्यायचं जाहीर केलं. काकू एवढंच म्हणाल्या, “आणि माझी रजई आता धुवायची कशाने? पाणी तर तूच बंद केलंस.” त्या रात्री इमारतीच्या गच्चीवर त्रेचाळीस पांघरुणं ठिबकत होती, आणि जिन्यात मॅडम दिसल्या की लोक दारं लावून घेत होते. त्यांनी नोटिशीचं उत्तर एका पानात लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्या ते उत्तर द्यायला लिपिकाच्या टेबलाशी गेल्या. त्याने शिक्का मारला आणि रजिस्टर उघडं ठेवूनच म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तुमचं ते सामान परत आत कधी नेताय?”

“आता कसलं नेतेय? परवानगी संपली.”

लिपिकाला जणू कुणी शिवी दिली. “कुणी सांगितलं? ‘ब’ प्रपत्राची मुदत काय आहे, वाचलीत का?” त्याने संच काढला आणि बोट ठेवलं. “‘टाकी भरण्यास योग्य ठरेपर्यंत.’ तुम्ही काल ‘ड’ रद्द केलात. टाकी अजून योग्य ठरलेली नाही. म्हणजे परवानगी चालू आहे.”

“साहेबांना काय वाटेल?”

“वाटण्याचा रकाना नाही,” लिपिक म्हणाला. “उपसा पहाटेच झालाय. सफाईवाले दीड वाजता येणार. आत्ता टाकी रिकामी आहे.” मग त्याने आवाज खाली आणला. “काल मी झाकणाशी उभा होतो. खालून ते मामांचं येत होतं. अर्धंच राहिलं ना ते? अर्धा कागद मला सहन होत नाही, मॅडम.”

मॅडमनी प्रयोगशाळेत फोनवर फोन लावले. दीर मोजणीची साखळी शेतात सोडून आले. पंपवाले ड्युटीवरच होते. मामा शर्टाच्या खिशात दंतवैद्य बाईंची चिठ्ठी घेऊन आले, कारण तिथून थेट तिकडे जायचं होतं.

पण टाकीत उतरल्यावर लक्षात आलं की पांघरुणं गच्चीवर आहेत, ओली. पंपवाल्यांनी एक ठोका मारला आणि चौघांनी तो अकरा सेकंद ऐकला.

“‘पुरवठा’ नाही वाजायचा यात,” दीर म्हणाले. “चिखल होईल.”

मॅडमनी वही काढली. या खेपेला गणित पांघरुणांचं नव्हतं, थांबण्याचं होतं. “टाकीला तिचं म्हणणं पुरं करू द्यायचं,” त्या म्हणाल्या. “पंपवाले, काठ्या ठेवा, ब्रश घ्या. ठोका दोन सेकंदांनी एक. भावजी, तुम्ही फक्त पहिली तार. मामा, तुम्ही एक ओळ वाजवा आणि थांबा. ती परत येईल, मग तिच्यावर दुसरी ठेवा.”

“म्हणजे मी माझ्याशीच वाजवायचं?”

“हो. जमेल?”

मामांनी जिभेने पुढचे दात चाचपले. “आजच्या दिवस जमेल.”

वर झाकणाभोवती माणसं जमली होती. पाणी नाही म्हणून जाब विचारायला इमारतीतून पाच-सहा जण आले होते आणि पुढे काकू होत्या. नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खालून पहिला सूर आला.

तो सूर त्यांनी दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, तक्रारीच्या कानाने. इथे तो चाळीस खांबांना वळसा घालून आला, गेला, परत आला, आणि तोवर दुसरा त्याला भेटायला निघाला होता. मॅडमनी डाव्या हाताने एकच खालचा सूर धरून ठेवला. उजव्या हाताला त्यांनी काही करूच दिलं नाही. काठ्यांशिवाय पंपवाले एवढे हळू वाजवू शकतात हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मामा एकटे पाच मामा होऊन वाजवत होते, आणि नऊ मिनिटांची रचना बारा मिनिटांवर गेली तरी कुणी पुठ्ठा खाली सोडला नाही. एकदाच वाजवलं. मामा “परत” म्हणाले नाहीत.

वर आल्यावर काकूंनी मॅडमना बाजूला घेतलं.

“हे सुखाचं होतं की दुःखाचं?”

“मोजलेलं नाही, काकू.”

“मला रडू का आलं मग?” काकू रागावून म्हणाल्या. “आधी ती रजई धुवायचं बघ.” आणि पदराला नाक पुसत निघून गेल्या.

चार वाजून पन्नास मिनिटांनी मामा दंतवैद्य बाईंच्या खुर्चीत आडवे झाले. बाईंनी हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, “दहा मिनिटं लागतील चढायला. शांत पडून राहा.”

मामांनी मॅडमकडे पाहून बोटाने खूण केली. मॅडमनी पर्समधून रेकॉर्डर काढला आणि ‘पुरवठा’ लावून तो चिमट्यांच्या ट्रेशेजारी ठेवला.

दंतवैद्य बाई हातमोजे चढवत होत्या. एक बोट घातलं आणि हात तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी दुसरं घातलं. बाहेरच्या बाकावर दीर, पंपवाले आणि नवरा ताटकळत होते, त्यांनी दार फटीएवढं उघडलं. दहा मिनिटं झाली तेव्हा बाईंनी भानावर येऊन चिमटा उचलला आणि मामांवर वाकल्या. मामांनी हात वर केला.

“दुखतंय?”

मामांनी नकारार्थी मान हलवली. भुलीने ओठ जड झाले होते, शब्द नीट फुटेना.

“झोलो,” ते म्हणाले. “माझा.”

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. “किती राहिलंय?”

“दोन मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. “दोन मिनिटं आणि विरेपर्यंत.”

बाई चिमटा हातात घेऊन उभ्या राहिल्या. शेवटचा सूर सुटला, दूर गेला, परत आला, परत गेला, आणि मग तो आहे की आपल्यालाच वाटतोय हे खोलीत कुणाला ठरवता येईना. मामांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि तोंड पूर्ण उघडलं.